मुंबईला ऋतू नाहीत म्हणणाऱ्यांना

‘मुंबईत दोनच ऋतू, पाऊस आणि उकाडा, मग ऋतूप्रमाणे खा-प्या हे सांगता कुणाला?’ हा सवाल अलीकडे फार ऐकू येतो. अंधेरीच्या ऑफिसात ऐकू येतो, बोरिवलीच्या सोसायटीच्या गच्चीवर ऐकू येतो, मुलुंडला सकाळी फिरायला आलेल्या मंडळींतही ऐकू येतो. विचारणारे शिकलेले असतात आणि त्यांचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड वाटतो. ऋतुचर्या सांगणारे ग्रंथ शेकडो वर्षांपूर्वीचे. त्यांतल्या एकाचा कर्ता वाग्भट सिंधूकाठचा. आपण समुद्रकाठी, तेही अकराव्या मजल्यावर. भाजी बारा महिने मिळते, घरात फ्रीज, ऑफिसात एसी. हेमंत-शिशिराचे तक्ते भिंतीला चिकटवून करायचं काय?

याला उत्तर दिलंच पाहिजे, कारण यातलं अर्धं खरं आहे आणि त्या जोरावर उरलेलं अर्धं खोटं खपून जातं. मोबाइलवर फिरणारे ते रंगीत तक्ते मुंबईकराच्या कामाचे नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण तक्ता टाकून देताना ऋतुचर्याच टाकून द्यायची, हे साफ अमान्य. ऋतुचर्या मुळात तक्ता नव्हतीच. आपल्या जागेची हवा आणि आपली भूक बघून ताट बदलायची ती रीत आहे, आणि ही रीत मुंबईच्या उपनगरांत आजही जिवंत आहे. ती पुसली जाते आहे ती आपल्या दुर्लक्षामुळे.

आधी ‘ऋतूच नाहीत’ हे विधान घेऊ. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला जातो. उरलेल्या आठ महिन्यांत मिळून त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. जानेवारीत पहाटे पारा सोळा-सतरावर उतरतो. ऑक्टोबरात दुपारचं कमाल तापमान थेट मे महिन्याशी बरोबरी करतं. एवढे चढउतार ज्या गावात होतात तिथे ऋतू नाहीत असं म्हणणं म्हणजे खिडकी बंद ठेवून बाहेर काहीच घडत नाही असं म्हणण्यासारखं आहे. इथले ऋतू शाळेच्या पुस्तकातल्या सहा सारख्या तुकड्यांत बसत नाहीत, एवढंच काय ते खरं. पावसाळा लांब आणि घनघोर, शरद आखूड पण जहाल, थंडी पाहुण्यासारखी.

आणि गंमत अशी की हा आक्षेप जुन्या वैद्यांनी आपल्याआधीच घेऊन ठेवला होता. सुश्रुतसंहितेत ऋतूंच्या दोन याद्या आहेत. एकीत शिशिर आहे. दुसरीत शिशिर गाळून पावसाचे दोन ऋतू केले आहेत, प्रावृट् आणि वर्षा. हा फरक का, याचं स्पष्टीकरण टीकाकारांनी काश्यपाच्या नावावर दिलं आहे: गंगेच्या दक्षिणेला पाऊस फार, म्हणून तिथे पावसाचे दोन ऋतू धरायचे, उत्तरेला थंडी फार, म्हणून तिथे थंडीचे दोन. म्हणजे जागा बदलली की कॅलेंडर बदलायचं, हे शास्त्रातच सांगितलं आहे. समुद्राला खेटलेल्या, पाणथळ, दमट मुलखाला ते ‘आनूप देश’ म्हणतात, आणि तिथल्या माणसाचं पथ्यपाणी कोरड्या मुलखातल्या माणसाहून वेगळं ठेवतात. खाडी, मिठागरं आणि डोंगर यांच्या मधोमध वसलेलं भांडुप-मुलुंड हे आनूप देशाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण ठरावं. तेव्हा ‘ग्रंथ उत्तरेचे, आम्ही कोकणातले’ हा आक्षेप ग्रंथ न उघडता घेतलेला आहे.

शिवाय हे ग्रंथ नुसते हुकूम सोडत नाहीत, कारण सांगतात. हेमंतात जड, स्निग्ध, पौष्टिक खा, का? तर बाहेरच्या थंडीने शरीरातली ऊब आत कोंडली जाते आणि भूक खवळते. पावसाळ्यात हलकं, ताजं, गरम खा, का? तर ओल, ढगाळ हवा, जमिनीतून निघणारी वाफ आणि गढूळ पाणी यांनी भूक मंदावते. कारण सांगितलं की माणूस आपल्या दारात ते कारण आहे की नाही हे तपासू शकतो. कार्तिकात मुलुंडला पंखा पाचवर असेल तर थंडीने भूक खवळण्याचं कारणच हजर नाही, मग दिवाळी संपताच डिंकाचे लाडू कशासाठी? ते पौषात खावेत, जेव्हा पहाटे खरोखर पांघरूण ओढावंसं वाटतं. आपल्या बायकांनी हे सणात बसवून ठेवलंच आहे: तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं, वालपापडी, ओला हरभरा, गाजर घातलेली लेकुरवाळी भाजी भोगीला होते, आणि भोगी जानेवारीच्या मध्यावर येते, नेमकी उपनगरातल्या खऱ्याखुऱ्या थंडीत.

आता पावसाळा, कारण मुंबईचा खरा ऋतू तोच, आणि ऋतुचर्येची खरी कसोटीही तिथेच.

मेच्या अखेरीस, वळवाच्या सरी येऊन गेल्या की बोरिवली, मुलुंड, ठाणे या स्टेशनांबाहेर एक वेगळाच बाजार बसतो. पालघर, शहापूर, मुरबाड, कर्जतकडून पहाटेच्या गाड्यांनी आलेल्या, काही राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरेच्या पाड्यांवरून चालत आलेल्या आदिवासी बायका ओल्या फडक्यावर जुड्या मांडतात. आधी शेवळं येतात. तपकिरी-जांभळट, बोटभर जाड कोंब, आणि शेजारी काकड या आंबट रानफळांचा छोटा वाटा. ही काकडं का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. शेवळाचं वरचं पान आणि आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडाच्या आंबट रसात किंवा चिंचेच्या कोळात शिजवायचं. नाहीतर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. सीकेपी घरांत यात कोळंबी किंवा खिमा पडतो, बाकी ठिकाणी वाल. मग येतो टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कवळा, कोरळ, श्रावणाकडे करटोली. त्यातल्या बऱ्याच भाज्या दोन-चार आठवडे दिसतात आणि वर्षभरासाठी गायब होतात.

इथे आक्षेपकांना एक पकड सापडते आणि ती मला लपवायची नाही. ते म्हणतात, तुमचा आयुर्वेद तर पावसाळ्यात पालेभाजी टाळा म्हणतो, चातुर्मासाच्या व्रतांत श्रावणात शाकाचा त्याग आहे. मग रानभाज्यांचं हे कौतुक कसं? उत्तर स्वयंपाकघरात आहे. वाग्भट पालेभाज्यांना पचायला जड म्हणतो खरा, पण लगेच उपायही देतो: भाजी उकडून घ्यावी, पिळून तिचं पाणी टाकावं आणि तेला-तुपात परतावी, म्हणजे तिचा दोष उणावतो. आता पाड्यावरची किंवा कुणाही जुन्या कोकणी घरातली बाई भारंगी कशी करते ते पाहा. पानं चिरते, उकळत्या पाण्यात टाकते, हिरवंकाळं कडू पाणी सुटलं की चाळणीत निथळून दोन्ही मुठींत घट्ट पिळते, तो गोळा मोकळा करून लसणीच्या चरचरीत फोडणीवर घालते, वर भिजवलेले वाल किंवा मूग, शेवटी खोबरं. संस्कृतचं एक अक्षर न वाचलेल्या बाईचा हात आणि ग्रंथातलं वाक्य एका ठिकाणी येतात. हे ग्रंथातून तिच्यापर्यंत झिरपलं की ग्रंथकाराने तिच्याकडूनच घेतलं, हे मी ठरवू शकत नाही. पण तीच पानं मिक्सरमधून कच्ची काढून ‘डिटॉक्स ज्यूस’ म्हणून पिणारा माणूस दोघांनाही सोडून गेलेला आहे, एवढं नक्की.

कोळीवाड्याकडे वळलं तरी हेच दिसतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराईच्या घरांत उन्हाळ्यातच बोंबील, सोडे, जवळा, वाकटी वाळवून डब्यात भरलेली असतात. समुद्र खवळलेला, मासळीच्या विणीचा काळ आणि भूक मंद, अशा दिवसांत ताज्या मासळीचं जड जेवण बाजूला राहतं आणि मूठभर सुकट भाताला चव आणते. घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांत चातुर्मासात पाणी उकळून पितात, पालेभाजी बंद करतात, सूर्यास्तापूर्वी जेवतात. त्यामागचं कारण अहिंसेचं आहे, आयुर्वेदाचं नाही, आणि ते आयुर्वेदाच्या नावे जमा करू नये. पण महापालिका दर पावसाळ्यात पाणी उकळून पिण्याचं आवाहन करते, वाग्भट वर्षाऋतूत उकळलेलं पाणी सांगतो आणि नदीचं वर्ज्य करतो, आणि शेजारचे जैन आजोबा तेच करतात. तीन वेगळ्या वाटांनी आलेले तिघे एकाच भांड्यापाशी भेटत असतील, तर त्या भांड्याला थोतांड म्हणताना जपून बोलावं.

उलट जिथे आपण ऋतुचर्या पाळतो असं समजतो तिथेच ती मोडतो. श्रावणी सोमवार हा पोटाला विश्रांती देण्याचा दिवस. त्या दिवशी आपण काय करतो? साबुदाण्याची खिचडी, भरपूर दाण्याचं कूट, वर बटाट्याचे पापड. साबुदाणा ज्याचा होतो तो टॅपिओका आणि बटाटा दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेले. ते परके म्हणून वाईट असं मी म्हणणार नाही. पण लंघनाच्या दिवशी पिष्टाचा चिकट गोळा मंद भुकेवर लादायचा आणि संध्याकाळी आम्लपित्ताची गोळी घ्यायची, याला उपास कोण म्हणेल? वरीचा भात आणि ताक-आमटी ही त्याहून कितीतरी हलकी.

ऑक्टोबरचंही तसंच. पाऊस ओसरतो, आकाश धुतल्यासारखं निघतं आणि ऊन टाळूत शिरतं. डोळ्यांची आग, तोंड येणं, अंगावर पुरळ, छातीत जळजळ. शरदात पित्त उसळतं असं वैद्य म्हणतात ते याच दिवसांबद्दल. वाग्भटाने शरदात टाळायच्या गोष्टींत क्षार, तेल, दही आणि पोटाला तड लागेपर्यंतचं जेवण ही नावं घेऊन सांगितली आहेत. आणि दसऱ्याला सकाळी घाटकोपर, बोरिवलीत रांगा कशासाठी लागतात? बेसनात पापडखार घालून तेलात तळलेल्या फाफड्यासाठी. सणाला एक प्लेट खाल्ली म्हणून कुणी आजारी पडत नाही, सण सणाच्या जागी असावा. पण नवरात्रापासून दिवाळीच्या फराळापर्यंत महिनाभर तेच चालू ठेवायचं आणि मग ‘ऑक्टोबर हीट’ला नावं ठेवायची, हे बरोबर नाही. त्याच महिन्यात कोजागरीचं दूध आहे, मूग आहेत, पडवळ-दुधी आहे. तेवढ्याने पुष्कळ निभतं.

हे झालं ऋतुचर्या नाकारणाऱ्यांना. तिचा गजर करणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत, कारण पहिल्यांना बळ मिळतं ते दुसऱ्यांच्या अज्ञानामुळे. ‘उन्हाळ्यात दही-ताक खा, आयुर्वेदात सांगितलंय,’ हा संदेश एप्रिल लागला की घरोघर येतो. आयुर्वेदात नेमकं उलट सांगितलं आहे. दही उष्ण मानलं आहे; शरद, ग्रीष्म आणि वसंत या तिन्ही ऋतूंत आणि रात्री ते टाळायला सांगितलं आहे. ताकाचे एवढे गोडवे गाणारे ग्रंथही कडक उन्हाळ्यात ते देऊ नये असंच म्हणतात. ग्रीष्मासाठी त्यांनी सांगितलंय ते साखर घातलेलं सातूचं पाणी, फळांची पन्ही आणि दही घुसळून साखर-मसाल्याने सौम्य केलेली रसाला, जी आपल्या श्रीखंडाची जवळची नातलग वाटते. आपलं कैरीचं पन्हं आणि कोकमाचं सरबत त्या ओळीत सहज बसतं. जेवणात पातळ ताक घेऊन तुमचं पोट शांत राहत असेल तर खुशाल घ्या. पण ते ग्रंथाच्या नावावर खपवू नका. ज्यांनी ग्रंथ वाचला नाही त्यांनी ग्रंथाची साक्ष काढली की पहिला चिकित्सक माणूस ती उलटवतो आणि सगळीच परंपरा खोटी पडते.

दुसरा खोटेपणा अधिक टोचणारा. आयुर्वेद म्हणजे शाकाहार, असं सांगून या उपनगरांत मासळी तळणाऱ्या भाडेकरूंना घर नाकारलं जातं. वाग्भट आणि चरक उघडून पाहा. हेमंतात मांसरस, पावसाळ्यात हलक्या मांसाचं सूप आणि जुनं मद्यसुद्धा तिथे मोकळेपणाने सांगितलं आहे. कुणी काय खावं हे ज्याचं त्याने ठरवावं. शाकाहाराची स्वतःची नैतिक बाजू आहे आणि तिचा मान राखावा. पण शेजाऱ्याच्या तव्याला बंदी घालायला चरकाला साक्षीला बोलावू नये.

आता एसी. ‘आम्ही चोवीस तास थंड हवेत, आमचा ऋतू एकच,’ असं म्हणणारा चोवीस तास थंड हवेत कधीच नसतो. देशातली पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली, तेव्हापासून पश्चिम उपनगरातल्या प्रवाशाचा दिवस गरम-गार अशा तुकड्यांत आणखीच कापला गेला. फलाटावर घामाने निथळायचं, डब्यात गारठायचं, अंधेरीला उतरून पुन्हा घाम, ऑफिसात पुन्हा गारठा, आणि दारातून आत येताच फ्रीजमधल्या पाण्याची बाटली. उन्हाने आणि श्रमाने तापलेल्याने लगेच गार पाणी पिणं आणि गरम-थंडात क्रम न पाळता ये-जा करणं, ही चरकाने त्वचारोगांच्या कारणांत सांगितलेली आहेत. एसीने ऋतू संपवला नाही, दिवसातून दहा वेळा ऋतुबदल घडवून आणला. एका ऋतूतून दुसऱ्यात जाताना चौदा दिवस हळूहळू सवयी बदला, आधीच्या ऋतूचे शेवटचे सात आणि पुढच्याचे पहिले सात, असं ज्यांनी सांगितलं त्यांचं म्हणणं आज अधिकच लागू आहे.

बारा महिने सगळं मिळतं, या युक्तिवादाबद्दल फार लिहीत नाही. मिळतं, पण कुठून? जुलैतली कोथिंबीर-पालक चिखलात माखून, निम्मी कुजून येते आणि तिप्पट भावाने जाते. रुळांकडेच्या सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाज्याही बाराही महिने मिळतात. मिळणं हा गुण असता तर त्या सर्वश्रेष्ठ ठरल्या असत्या.

आणि जिथे ऋतुचर्येचं काम नाही तिथे तिला उभं करू नका, हेही तितक्याच जोराने सांगतो. कुर्ल्याला किंवा अंधेरीच्या सबवेत कमरेभर पाण्यातून चालत घरी आलात, पायाला जखम असली, तर सुंठीचा काढा नको. ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा आणि लेप्टोस्पायरोसिसवरची प्रतिबंधक गोळी घ्या. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या लेप्टोच्या साथीने याच उपनगरांत माणसं नेली. डेंग्यूचा ताप पथ्याने उतरत नाही, काविळीत जडीबुटीवर दिवस काढू नयेत. ऋतुचर्या ही निरोगी माणसाने निरोगी राहण्यासाठी सांगितलेली गोष्ट आहे. ग्रंथांत तिची जागाही तीच आहे, रोगाच्या उपचारांच्या प्रकरणांत नाही. तिच्या प्रत्येक नियमाला प्रयोगशाळेचा पुरावा आहे असा माझा दावा नाही. पण ओल्या, कोंदट, गढूळ पाण्याच्या चार महिन्यांत उकळलेलं पाणी, ताजं गरम जेवण, पोटाला थोडी रिकामी जागा आणि आसपासच्या रानातलं त्या दिवसांतलं अन्न, यात पुराव्याविरुद्ध काय आहे ते आक्षेपकांनीच सांगावं.

खरा धोका आक्षेपकांचा नाहीच. धोका आहे तो ती जुडी घेऊन येणाऱ्या बाईला बसायला जागा न उरण्याचा. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. गर्दीचा विचार करता तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण कायमचा ठेला लावणारा फेरीवाला आणि वर्षातून दोन महिने, सकाळचे तीन तास, टोपलीभर भाजी विकून परतीची गाडी पकडणारी बाई, या दोघांना एकाच मापाने मोजलं की तिची टोपली गाडीत उचलली जाते आणि पुढच्या वर्षी ती येत नाही. ती आली नाही की कवळा कोणता, टाकळा कोवळा कसा ओळखायचा, शेवळाबरोबर काकडं का, हे सांगायला या शहरात कुणी राहणार नाही. कृषी विभाग ऑगस्टात रानभाज्यांचे महोत्सव भरवतो, ते चांगलंच आहे. पण एका दिवसाच्या हॉलमधल्या प्रदर्शनावर कुणाचं घर चालत नाही.

म्हणून महापालिकेकडे एक मागणी आणि वाचकांकडे एक. बोरिवली, मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या मंडयांत जून ते ऑगस्ट रानभाजीवाल्या बायकांसाठी भाडं न आकारता सकाळची जागा राखून ठेवा. आणि तुम्ही, पुढच्या पावसात सुपरमार्केटमधली ब्रोकोली एक दिवस राहू द्या, स्टेशनबाहेरच्या त्या फडक्यापाशी थांबा, भाव पाडू नका, आणि भाजी कशी करायची ते तिलाच विचारा.